कॅसेटची बी बाजू

पुल्लिक्करा पोलीस ठाणे, दि. १९ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

मी, रिन्शा पी. व्ही., वडील कुंजिमोन, वय २४ वर्षं, धंदा – लायब्ररी सायन्सचं शिक्षण पूर्ण, नोकरी शोधते आहे, राहणार पुथियवीट्टिल हाऊस, जुम्मा मशिदीच्या मागे, पुल्लिक्करा, ता. तिरूर, जि. मलप्पुरम. समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

वरच्या पत्त्यावर मी, माझी उम्मा म्हणजे आई, आणि आजी अशा तिघी राहतो. वडील मस्कतला असतात. माझं शिक्षण इंग्लिश मीडियममधून झालं. मल्याळम वाचता येतं पण हळू, म्हणून जबाब मला वाचून दाखवावा अशी विनंती मी सुरुवातीलाच केली. लिहून घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबल बिंदुलेखामॅडम म्हणाल्या, "सगळ्यांनाच वाचून दाखवतो गं, तू काही स्पेशल नाहीस."

मला दोन गोष्टी विचारल्या. एक, माझ्या छापील कॅटलॉगमध्ये ११२ कॅसेट आहेत आणि जप्त केलेल्या खोक्यात १११ भरल्या, तर एक कुठे आहे. दोन, लॅपटॉपचा पासवर्ड काय. पहिल्याचं उत्तर आधी देते. ते थोडं लांब आहे, कारण इन्स्पेक्टरसाहेब कोल्लमकडचे आहेत आणि या कॅसेट काय असतात ते त्यांना माहीत नव्हतं.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावातले निम्मे पुरुष गल्फला होते. घरी फोन नव्हते. बऱ्याच बायकांना लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं म्हणजे लिहिणाऱ्याला घरातलं सगळं कळणार. म्हणून कॅसेट. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्याही बॅगेतून साबण, अत्तर आणि लुंगीत गुंडाळलेली कॅसेट यायची. ए बाजू घरासाठी. ती ओसरीवर सगळ्यांनी बसून ऐकायची, शेजारचेही यायचे. विहिरीला पाणी किती आहे, फणस उतरवले का, कौलं शाकारली का, अमक्याच्या लग्नाला कोण कोण आलं होतं. बी बाजू बायकोसाठी. ए बाजू संपली की सासू उठायची आणि "चला रे, कोंबड्या बघा" म्हणायची. सगळे अंगणात. बायको टेपरेकॉर्डर उचलून आतल्या खोलीत न्यायची आणि दार लावायची. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडल्याचं मी एकाही घरात ऐकलं नाही. माझी उम्मा तेव्हा सात वर्षांची होती, तिचे उप्पा म्हणजे वडील तिकडेच होते. ती सांगते, "आम्ही पोरं दाराला कान लावायचो. उप्पांचं बोलणं काही कळायचं नाही. नुसतं तुझ्या आजीचं हसू यायचं." मॅडमनी विचारलं, हे केसमध्ये कुठे बसतं. मी म्हटलं, बसतं, लिहा.

ऐकून झालं की त्याच कॅसेटवर उत्तर भरायचं. नवी कॅसेट कोण घेतंय. म्हणजे नवऱ्याचा आवाज पुसला जायचा आणि त्यावर बायकोचा बसायचा. मग ती तिकडे जायची आणि बायकोचा पुसला जायचा. एकेक कॅसेट सात-आठ वर्षं समुद्रावरून ये-जा करायची आणि तिच्यात कधीही एकच बोलणं असायचं, शेवटचं. पुढे नाक्यावर एस.टी.डी. बूथ आला आणि उत्तरं भरणं बंद झालं. त्यामुळे आज घरोघरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ज्या कॅसेट सापडतात, त्या सगळ्या उत्तर न दिलेल्या आहेत. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी इतकी एक्साइट झाले की जेवायलाच विसरले.

दोन वर्षांपूर्वी मी स्कूटीवरून घरोघर जाऊन घरटी एक अशा कॅसेट गोळा करायला लागले. सुना म्हणायच्या, "ने बाई, वाजवायचं यंत्रच नाही आता." आज्या आधी काळा चहा द्यायच्या आणि मग विचारायच्या, "बी बाजू ऐकणार आहेस का?" मी प्रत्येकीला सांगितलं की दोन्ही बाजू कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवीन म्हणजे खराब होणार नाहीत, पण बी बाजू ऐकणार नाही. तसं कागदावर लिहून दिलं नाही. त्यांनी मागितलं नाही.

११ जानेवारीला दुपारी एका कॅसेटची बी बाजू उतरवताना मी हेडफोन काढायला विसरले. हे वाक्य बरोबर नाही. विसरले नव्हते. मला ऐकायचं होतं.

त्यात एक माणूस बोलतो. ते शब्द मला पाठ आहेत आणि सगळ्यांनी ऐकलेलेच आहेत, म्हणून सांगायला हरकत नाही. "मी इथे दुसऱ्याच्या पासपोर्टवर आलोय हे तुला ठाऊकच आहे. कंपनीत, मेसमध्ये सगळे मला त्याच्याच नावाने हाक मारतात. आधी मी वळायचोच नाही, शिव्या खायचो. आता वळतो. परवा मशिदीत कुणीतरी माझं खरं नाव पुकारलं, त्या नावाचा दुसरा कुणी होता, आणि मी वळलोच नाही. तू माझं नाव घेत नाहीस, बायकोनं घेऊ नये हेही कळतं. पण पुढच्या टेपमध्ये एकदा घे. खोलीत एकटीच असशील."

एकूण ३८ सेकंद. मी तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर टाकला. नाव, गाव काही टाकलं नाही. खाली 'गल्फ, १९८९' एवढंच लिहिलं. नाव नाही म्हणजे झालं, असं मला वाटलं. आठ दिवसांत दोन लाख लोकांनी ऐकलं. शारजा, कॅनडा, कुठून कुठून मेसेज आले. मला खूप आनंद झाला, हेही लिहावं. घरी उम्माने ऐकलं आणि चूल विझवून माझ्या खोलीत आली. म्हणाली, "एवढी फी भरून शाळेत घातलं ते दुसऱ्याच्या बायकोची खोली गावभर वाजवायला का?" मी क्लिप काढून टाकली. तोपर्यंत ती लोकांनी उतरवून घेऊन पुढे पाठवलेली होती.

३ फेब्रुवारीला दुपारी साडेतीनच्या सुमारास ज्यांची ती कॅसेट होती त्या बाई आमच्या घरी आल्या. त्यांचं नाव सांगत नाही. एकट्याच आल्या. छत्री दाराशी उभी केली, बसल्या, चहा नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मोळे, पोरी, तुझ्या फोनमध्ये माझा नवरा बोलतो म्हणे. दोन लाख जणांनी ऐकलं. माझा कितवा नंबर?"

मी माफी मागितली. क्लिप काढली आहे असं सांगितलं.

"काढली म्हणजे आता कुठेच नाही ना?"

"लोकांकडे आहे."

"म्हणजे नाही काढता येत."

मी नाही म्हटलं. त्यांनी कॅसेट मागितली. मी ती मशीनमध्ये घातली. त्यांनी बी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, सुमारे चोवीस मिनिटं. मी खोलीबाहेर अंगणात गेले. आमच्याकडे कोंबड्या नाहीत, मी नुसतीच उभी राहिले. मग त्यांनी हाक मारून कॅसेट मागे घ्यायला सांगितली, आणि मला वाटलं परत ऐकणार आहेत, पण त्यांनी स्वतःच दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबली. रेकॉर्डिंगचं लाल बटण कुठलं ते मला विचारलं नाही. मी उंबऱ्यावर होते. मला जायला सांगतील म्हणून थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

त्या मशीनशी बोलल्या. विहिरीला पाणी आहे, मे महिन्यातसुद्धा उपसा झाला तरी राहतं. तुमच्या बहिणीचं लग्न झालं, आता तिला नातवंडं आहेत. फणसाचं झाड रस्ता रुंद केला तेव्हा गेलं. ती करड्या पायांची शेळी विकली म्हणून तुम्ही चिडला होतात, मी विकली नव्हती, ती मेली होती, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तसं सांगितलं. तुम्ही पाठवलेला हिरवा कपडा मी शिवला नाही, अजून घडी आहे. असं बरंच. मग त्या थांबल्या, आणि त्यांनी एक शब्द उच्चारला. तो इथे लिहून देणार नाही. सगळं धरून अकरा मिनिटं झाली. नंतर त्यांनी उरलेली टेप नुसतीच चालू ठेवली, संपेपर्यंत, खाली मान घालून.

संपल्यावर कॅसेट काढून त्यांनी पिशवीत टाकली. म्हणाल्या, "उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता ही पाठवायची." कुठे पाठवणार, असं मी विचारलं नाही. अशा रीतीने खोक्यात १११ कॅसेट आहेत. कॅसेट त्यांची होती, त्यांनी नेली. तेव्हा मला कसलीही नोटीस आलेली नव्हती.

साहेबांनी विचारलं की पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागची पट्टी मोडतात, ती का मोडली नव्हती. मी सांगितलं, एकाही घराने मोडलेली नव्हती. सगळ्यांना उत्तर भरायचं होतं.

त्या कॅसेटची कॉपी माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. ते मी त्या बाईंना सांगितलं नाही. त्यांच्या मते ते बोलणं आता जगात कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती फाइल पुसायला बसले. एकदा ऐकून मग पुसू, म्हणून ऐकली. मग उद्या पुसू असं ठरवलं. ५ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता पोलीस आले आणि खोकं, कॅटलॉग व लॅपटॉप घेऊन गेले. छापील कॅटलॉगमध्ये नुसते नंबर आहेत. कुठला नंबर कुणाच्या घरचा, ते लॅपटॉपमध्येच आहे.

नोटीस मला साहेबांनी समजावून सांगितली. वरून पत्र आलं आहे, खोट्या पासपोर्टचा जुना मामला आहे, आवाज कुणाचा ते शोधायचं आहे. मी विचारलं, एका माणसासाठी ११२ घरांच्या कॅसेट कशाला?

साहेब म्हणाले, "तो एक कोण ते आम्हाला कळायला नको? आवाज जुळवायचं मशीन आहे. ते सगळे ऐकेल."

"दोन्ही बाजू?"

"मशीनला कसली बाजू. ज्यांनी काही केलं नाही त्यांनी कशाला घाबरायचं?"

मी सांगितलं की त्यांनी काही केलं नाही, नवऱ्याचं बोलणं दार लावून ऐकलं एवढंच केलं. साहेब हसले. "तुम्ही दोन लाख लोकांना ऐकवलंत तेव्हा दार उघडंच होतं की." हे लिहून घ्यावं असं मीच सांगितलं.

मग साहेबांनी मला नीट समजावलं. बापाचं नाव खोटं निघालं की मुलांची सगळी कागदपत्रं तपासणीत जातात, पासपोर्ट थांबतात. "त्या माणसाची मुलं आज कुठे आहेत? दुबई? दोहा? तुम्हाला माहीत आहे. बाईंचं नाव सांगा, म्हणजे बाकीच्या १११ घरांना आम्ही हातही लावत नाही." मला विचार करायला दहा मिनिटं दिली. चहा दिला. मी विचार केला. त्या बाईंना मी ओळखते, त्यांच्या घरात कोण कोण आहे तेही मला माहीत आहे. त्यांचं नाव मी सांगणार नाही.

मग साहेबांनी पासवर्ड विचारला. साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा बिंदुलेखामॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "लिहू का, आठवत नाही? लोक विसरतात. मी माझ्या बँकेचा तीनदा विसरले. तुझ्यावर काही येणार नाही, घरी जा." त्यांनी तसं लिहिलंही. त्यांचा हेतू चांगला होता. साहेब परत आल्यावर मी विचारलं, आठवत नाही असं लिहिलं तर लॅपटॉपचं काय होईल. साहेब म्हणाले, "मग तुमची काही हरकत नाही असं धरून आम्ही लॅबमधून उघडून घेऊ." आणि सांगणार नाही असं लिहिलं तर? "तर कोर्टात जावं लागेल. तुम्हालाही, आम्हालाही. तुमच्यावर केस होईल. नोकरी शोधताय ना? विचार करा."

मी विचार केला आहे. पासवर्ड मला पाठ आहे. माझी हरकत आहे.

हा जबाब बिंदुलेखामॅडमनी मला आमच्या भाषेत, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे, एक जागा सोडून. पासवर्डपुढे 'आठवत नाही' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि 'सांगणार नाही' असं करून घेतलं. खाडाखोड एक. तिच्यावर माझी सही आहे.

रिन्शा पी. व्ही.