बोट काढू नका!

शनिवार, सकाळचे अकरा. मनीषनगरातल्या एका शाळेचं सभागृह, विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन. आणि मंचावर माझा अंगठा... हसता काय? अख्खी हयात बातमीदारीत घालवलेल्या माणसाचा अंगठा एका बटणावर, आणि मुख्याध्यापक वामनराव कानात कुजबुजतायत, "आनंदराव, बोट काढू नका!"

तुम्हाला सांगतो, झालं काय... माझी नात मोनाली, सातवीतली. स्पर्धेचा विषय, बटणाने दिव्यावर नियंत्रण. पहिला नंबर थेट जिल्ह्याला! पोरीने पुठ्ठ्यावर सेल, दोन तारा, इवलासा बल्ब आणि दाराच्या बेलसारखं बटण बसवलं. दाबलं की लागतो, सोडलं की विझतो. आठवडाभर जेवतानाही ताटाशेजारी तो पुठ्ठा!

वामनरावांना सुचलं, यंदा समई नको, पाहुण्यांनी मोनालीचंच बटण दाबायचं. पाहुणे म्हणजे एक माजी सभापती. त्यांनी दाबलं, दिवा लागला, टाळ्या! टाळ्यांना नमस्कार करायला त्यांनी हात जोडले... आणि दिवा गेला.

"विझला काहून गा? माह्याच हातानं?"

मोनाली उठली, "सर, दाबलं की लागतो, सोडलं की विझतो!"

"तू बस वं, कार्यक्रम होऊन राहिला. उद्घाटनाचा दिवा विझू देत नसते!" इति वामनराव. विज्ञानाचे पदवीधर, बरं का! मी विचारलं, सर, सेलला शुभ-अशुभ शिकवलं कोणत्या इयत्तेत? त्यांनी पाहुण्यांचं बोट उचलून परत बटणावर ठेवलं.

झालं! आता दिवा तेवत ठेवायचा. पाहुण्यांनी अख्खं भाषण केलं ते एका हातात माइक, दुसरा बटणावर, पोटात कळ आल्यासारखे वाकून. नंतर पीटीच्या सरांचं बोट. त्यांना लेझीमवाल्या मुलींनी बोलावलं. मग स्वागतगीताच्या बाई, पण पेटीला दोन्ही हात लागतात! वामनरावांची नजर फिरत फिरत माझ्यावर.

"तुम्ही दाबा. तुम्ही पत्रकार, तुम्हाले काय काम आहे?"

ऐकलंत? आणि मी दाबलं! का? नातीच्या दिव्यावर अपशकुनाचा शिक्का नको म्हणून. सत्कार चालले, आभार चालले, आभारांचे आभार चालले... बल्ब पिवळा झाला, मग तांबडा. मोनाली खालून हातवारे करतेय, "आजोबा, सोडा! सेल संपून राहिला!" आणि कानात, "बोट काढू नका!"

पाहुणे गाडीत बसले तेव्हा अंगठा सुटला. लगेच परीक्षक ओमप्रकाश सर आले. मोनालीने बटण दाबलं... काही नाही. पुन्हा दाबलं... काही नाही.

"दिवा लागतच नाही, बेटा."

"सर, नवीन सेल टाकते ना! दाबलं की लागतो, सोडलं की..."

"परीक्षण सुरू झाल्यावर सामान बदलता येत नाही." नियम! भाषण किती लांबवायचं याला नियम नाही, सेलला आहे!

मी भांडलो. वामनराव म्हणाले, "आनंदराव, शेवटी दाबून तर तुम्हीच होते ना!" बोला आता. दुसऱ्या दिवशीची बातमी लिहिणारा मीच, आणि आरोपीही मीच!

पहिला नंबर शेजारच्या टेबलावरच्या थर्माकोलच्या बंगल्याला मिळाला. दिवा लख्ख, जराही लुकलुक नाही. मी वाकून पाहिलं, तारा थेट सेलला नुकत्याच चिकटवलेल्या, डिंक अजून ओला. मी ओमप्रकाश सरांना विचारलं,

"सर, याचं बटण?"

"अहो, दिवा तर लागून आहे ना!"

बंगला जिल्ह्याला गेलाय. बटण कुठे आहे, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.