सोडलेली ओळ

"वरच्या पट्टीतली ती ओळ आली की मी माईकपासून बाजूला होईन, तू पुढे हो. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे." तरुण गायकाचा तो लाघवी आवाज बाईंच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा त्या त्याच्यामागे कोरसमध्ये उभ्या असायच्या.

आज डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घातलेले डोळे मिटून त्या एकट्याच बसल्या होत्या. शेजारी एक आत्या आणि तिची भाची फोनवर त्याच गायकाचा नवा अल्बम ऐकत होत्या.

"इतक्या वर्षांनी उगवला, आणि गातोय काय, तर सगळं जग खोटारडं!"

"छान आहे गं, आत्या. शेवटी तुझं लाडकं जुनं गाणंही पुन्हा गायलाय. लावू?"

"अगं, त्या गाण्यावर आम्ही जीव टाकायचो! थांब हं, आता वरची ओळ येईल. अंगावर काटाच येतो."

ओळीची जागा आली, तसा नुसता ठेका वाजत राहिला.

"आवाज गेला बघ. फोन बिघडला की काय तुझा?"

"फोन ठीक आहे. त्यानंच ती ओळ सोडलीय."

"दम उरला नसेल बिचाऱ्यात."

"मग दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्यायची! कुणाला कळलं असतं?"

बाईंनी डोळे उघडले. समोर सगळं धूसर होतं.

"काय झालं, आजी? नर्सला हाक मारू?"

"नको, बाळ. ते गाणं जरा मागे घे."

"पण तिथे आवाजच नाहीये, आजी."

"माहीत आहे. ती ओळ त्याची नव्हतीच कधी. ती मी गायले होते."