अमरिलोच्या पुढचं वाळवंट

भूल देताना आम्ही पेशंटला उलटे आकडे म्हणायला लावतो, हे तुम्हाला माहितीये. मी एकदा नाही लावले. इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टन बंदराच्या गावी होतो तेव्हाची, दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. क्रूझवर आलेल्या एक अमेरिकन आजी बोटीवरच पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं, तर माझा हात सोडेनात.

"डॉक्टर, मी परत उठलेच नाही तर?"

विषय बदलायला मी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"शिकागोची. लहानपणी वडिलांच्या ट्रकमधून आम्ही रूट सिक्स्टी-सिक्सने थेट कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत गेलो होतो. आता नवे मोठे हायवे झाले, त्या रस्त्याचा नंबरसुद्धा काढून टाकला."

"मग तोच रस्ता सांगा मला. शिकागोहून निघालो. पुढे?"

मी औषध हळूहळू सोडत होतो. आजींचा आवाज सैल होत गेला. "सेंट लुईस... तिथे मोठी नदी... मग टल्सा... खिडकीतून गरम वारा येतोय..." हातावरची पकड सुटली. "अमरिलो..." म्हणाल्या आणि झोपल्या. खरं सांगतो, आम्ही सगळे त्या ट्रकमध्येच बसलो होतो.

ऑपरेशन छान झालं. रिकव्हरीत त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

"समुद्र आला?"

"आला. पोचलो आपण."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग चक्क रागावल्या. "अहो, मग मला उठवलं का नाहीत? अख्खं वाळवंट बघायचं राहिलं ना माझं!"