वहीतला फगल

(डरहॅमजवळचं जुनं खाणगाव. सप्टेंबरातल्या गुरुवारची दुपार; शनिवारी गावच्या क्लबात लीक, म्हणजे कांद्याच्या कुळातली जाडजूड भाजी, आणि घरची बिअर यांची वार्षिक स्पर्धा आहे. कॉलिन आपल्या विधवा सासूच्या, ऑड्रेच्या, स्वयंपाकघरात बसलाय. सासरे रेज याच वर्षी वारले. टेबलावर त्याने घरी केलेल्या बिअरची बाटली, दोन पेले आणि एक कोरं कार्ड.)

ऑड्रे : नको, अजून नको. एका घोटात जीभ सोलवटली माझी.

कॉलिन : आई, फ्रिजमधून आत्ताच काढलीय. जरा कोमट झाली की—

ऑड्रे : कोमट झाली की आणखी वाईट लागेल. ब्राऊन एल बिअर कशी लागायला हवी? भाजलेल्या पावासारखी, थोडी काकवीची गोडी, आणि कडवटपणा मागे कुठेतरी, असून नसल्यासारखा. ही म्हणजे संत्र्याची साल चघळतेय मी. कडवटपणाला हॉपची फुलं कुठली घातलीस?

कॉलिन : फगलच घालणार होतो. बाबांच्या वहीत फगल लिहिलाय. पण दुकानातला संपला होता. दुकानातली बाई म्हणाली, त्याच्याऐवजी विलमेट चालेल.

ऑड्रे : चालेल ना. विलमेट फगलचीच लेक आहे. मग?

कॉलिन : तीही संपली होती. मग चिनूक घेतला. तोही अमेरिकेचाच, वरती नाव मोठं होतं—

ऑड्रे : लेक मिळाली नाही म्हणून रस्त्यावरचा धटिंगण घरात घेतलास. किती घातलास?

कॉलिन : वहीत आहे तेवढाच. चाळीस ग्रॅम. अगदी काट्यावर मोजून.

ऑड्रे : चाळीसला चाळीस?

कॉलिन : हॉपच्या जागी हॉप. फुलं ती फुलं.

ऑड्रे : पाकिटावर कडूपणाचा आकडा असतो तो कशाला छापतात, शोभेला? फगल साडेचार, चिनूक बारा-तेरा. तिप्पट कडू आणि वजन तेवढंच. नगरपालिकेत तू लोकांच्या घरपट्ट्या काढतोस म्हणे. देव त्या लोकांचं रक्षण करो.

कॉलिन : चुकलं माझं. पण तुम्हाला हे आकडे कसे माहीत? बाबांच्या शेडमध्ये तुम्ही कधी पाऊल टाकत नव्हता, तुमची लेक तर असंच सांगते.

ऑड्रे : जॅनिस बरंच सांगते. ते कार्ड कशाला आणलंस?

कॉलिन : शनिवारी क्लबात लावायला. सेक्रेटरींना विचारलं मी. ते म्हणाले, या वर्षी रेजच्या नावाने बाटली ठेवा, शेवटची. लीकच्या टेबलांशेजारी बिअरचं टेबल आहे ना, तिथे. कप आठ वर्षं याच घरात आहे, आई. मला वाटलं, बाबा गेले म्हणून लगेच तो हेस्लॉपकडे जाऊ नये. त्यांची बिअर त्यांच्या वहीतून केली, म्हणजे त्यांचीच झाली.

ऑड्रे : या पातेलंधुवणीवर रेजचं नाव लागणार नाही.

कॉलिन : हॉप सोडला तर बाकी सगळं वहीप्रमाणे आहे. जव, पाणी, वेळ. एक अक्षर सोडलं नाही.

ऑड्रे : तीच तर चूक आहे तुझी. वहीप्रमाणे.

कॉलिन : म्हणजे?

ऑड्रे : तुम्ही दक्षिणेकडची माणसं लिहिलेलं खरं मानता. अरे, या गावात लीक लावणारा माणूस वहीत खरं लिहितो का कधी? लीकच्या खताचं पान बघ. मेंढीच्या लेंड्या लिहिल्यात. आयुष्यात एक मेंढी पाहिली नाही आमच्या लीकने. वही बाकावर उघडी टाकायची, शेडला कुलूप लावायचं नाही आणि चहाला घरात यायचं. तेवढ्यात हेस्लॉप येऊन वाचून जायचा. दोन वर्षं त्याने वहीबरहुकूम बिअर केली. त्याच्या बायकोने ती गुलाबाच्या वाफ्यात ओतली. गुलाबसुद्धा सुकले.

कॉलिन : आणि मी...

ऑड्रे : हेस्लॉपसाठी लावलेल्या सापळ्यात घरचा जावई. तोही अडीच महिने खपून.

कॉलिन : मग खरं प्रमाण काय होतं? आता तरी सांगा. पुढच्या वर्षी नीट करीन.

ऑड्रे : फगलच घालायचा रेज. तेवढं खरं होतं. पण शेवटची चार वर्षं त्याला वासच येत नव्हता.

कॉलिन : कसला वास?

ऑड्रे : कसलाच नाही. नाकाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून. शेगडीवर पाव जळत असायचा आणि हा शेजारी बसून पेपर वाचायचा. कोणाला सांगितलं नाही. क्लबात तर नाहीच. बिअरचा कप जिंकणारा माणूस, आणि त्याला बिअर नि बंबातलं पाणी सारखं. त्या वर्षी फगलच्या पाकिटाला बुरशी आली होती. तो खुशाल पातेल्यात टाकायला निघाला. मी म्हटलं, तू लीकला पाणी घाल जा, हे मी बघते.

कॉलिन : मग तुम्ही काय घातलंत?

ऑड्रे : मागच्या जुन्या संडासाच्या भिंतीवर वेल होती. हॉपचीच. कुठल्या जातीची, देव जाणे. खाणीतल्या कोणीतरी कधी लावली असेल. तिची फुलं वाळवून घातली. आणि स्पर्धेच्या शनिवारी परीक्षक काय म्हणाला असेल?

कॉलिन : काय?

ऑड्रे : डोळे मिटले आणि म्हणाला, फगल असावा तर असा. मग रेजने तासभर सगळ्या क्लबला फगलवर व्याख्यान दिलं. त्याच्याऐवजी दुसरं काही घालणं म्हणजे कसं पाप आहे, वगैरे. दहा-बारा बापे माना डोलवत होते. मी हॅमचे पाव वाटत होते. एकाने मला विचारलं, तुम्ही घेता का हो कधी थोडी?

कॉलिन : म्हणजे शेवटचे चार कप तुमचे.

ऑड्रे : कप रेजचे. बिअर माझी.

कॉलिन : बाबांना कळलं होतं?

ऑड्रे : दर सप्टेंबरात मी त्या भिंतीशी शिडी लावली की तो शेडमधून बाहेर यायचा आणि खाली उभा राहून शिडी धरायचा. काय तोडतेस, कधी विचारलं नाही.

कॉलिन : आई. ती वेल... संडासामागची?

ऑड्रे : हो.

कॉलिन : मार्चमध्ये मी जे तण साफ केलं ते?

ऑड्रे : तेच. मुळांसकट. कुदळ घेऊन. दुपारपर्यंत मागची बाजू चकाचक केलीस.

कॉलिन : तुम्ही मला चहा आणून दिलात. दोनदा.

ऑड्रे : बिस्किटंही दिली. गळा दाबावासा वाटत होता तुझा.

कॉलिन : थांबवलं का नाहीत मला?

ऑड्रे : काय सांगून थांबवू? तुझे सासरे जाऊन तीन आठवडे झाले होते. गावभर म्हणत होते, रेजसारखी जीभ पुन्हा होणे नाही. तेव्हा मी सांगू की तो माणूस जळका पाव ओळखत नव्हता? आणि तू इतका घामाघूम, इतका खूश. सासूचं काम करतोय म्हणून.

कॉलिन : गेल्या वर्षीची वाळलेली फुलं? थोडी तरी शिल्लक असतील.

ऑड्रे : आहेत. रेजच्या उशीत. शेवटच्या महिन्यांत झोप यायची नाही त्याला. हॉपच्या उशीने येते म्हणतात, म्हणून भरली.

कॉलिन : मग ती उसवली तर पुढच्या वर्षी—

ऑड्रे : त्या उशीवर मी झोपते, कॉलिन.

कॉलिन : सॉरी.

ऑड्रे : कप हेस्लॉपला नेऊ दे. घासून घासून माझी बोटं दुखतात. आणि त्या कार्डावर तुझं नाव लिही. परीक्षक थुंकला तर तुझ्या नावावर थुंकेल. निदान खरं तरी असेल.

कॉलिन : लिहितो. आई, एक सांगू? ती मुळं मी जाळली नव्हती.

ऑड्रे : मग?

कॉलिन : गाडीत बसेनात. म्हणून मागच्या जुन्या रेल्वेच्या उतारावर फेकून दिली. गेल्या रविवारी कुत्र्याला घेऊन गेलो होतो तिकडे. तिथल्या काटेरी झाडावर एक वेल चढलीय. पार वरपर्यंत. हिरवे झुबके आलेत. फार नाहीत, ओंजळभर असतील. मला वाटलं, कसलं तरी तण.

ऑड्रे : तुला वाटलं.

कॉलिन : हो.

ऑड्रे : चोळून वास घेतलास?

कॉलिन : नाही.

ऑड्रे : नाहीच घेणार. कोट दे माझा. आणि शेडमधली शिडी काढ.

कॉलिन : तुम्ही चढणार? या वयात? मी चढतो ना.

ऑड्रे : तू वर जाऊन काय तोडशील, काटे? तू खाली थांब आणि शिडी धर. आणि बोलू नकोस. रेज बोलायचा नाही.