मार्शलनं दंड धरला तेव्हा

किती येळा तेच सांगायला लावता रं? चहा पाजलात, म्हणून सांगतो.

इंग्रज जायच्या आदल्या साली मी मुंबईला असेंब्ली बघाय गेलतो. आमचा आमदार, भिसेगावचा गणपत पाटील, उठून म्हणाला, "कडावच्या नदीवर पूल झाला." आमच्या गावकीत कुणी खोटं बोललं, तर तिथंच टोकतात. मी वरच्या गॅलरीतून ओरडलो, "कुठं रं? गेल्या श्रावणात माझी म्हस वाहून गेली!"

सभागृहाची शिस्त राखणारा मार्शल आला. दंड धरून अदबीनं म्हणाला, "पाहुणे, इथं बोलायचा हक्क फक्त सभासदांना."

"आन् खोटं बोलायचा?"

"तोही त्यांनाच. चला."

बाहेर काढताना त्यानं निदान पाणी तरी विचारलं. पूल नाय, म्हस नाय, आन् माफी अजून मागितली नाय त्या भिसेगावच्या गणपत पाटलानं.