कम्प्युटर आणि तुरीच्या शेंगा

कम्प्युटर दुरुस्त केला म्हणून आईची बोलणी खाणारा मी एकटाच असेन. आंजी गावातल्या आमच्या घरी बाबांचा कम्प्युटर इतका हळू, की बटण दाबून ते सरळ स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसत. गप्पा मारत दोघं वाटीभर तुरीच्या शेंगा सोलत, तेव्हा कुठे बाबांचा बुद्धिबळाचा पट उघडायचा. मला बिचाऱ्यांची कीव आली. संक्रांतीला गेलो तेव्हा जुनी हार्ड डिस्क काढून नवी वेगवान एसएसडी टाकली. बटण दाबलं की सुरू.

आठवडाभरात आईचा फोन.

"काऊन रे, काय करून ठेवलं त्या कम्प्युटरले? तुहे बाबा इकडे फिरकतच नाई. मी एकटीच शेंगा सोलून राह्यली."

"मग बाबांना सांग ना."

"मी काऊन सांगू? तू बिघडवलं, तूच सांगजो."

मी बाबांना फोन करून सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले.

पुढच्या रविवारी गेलो, तर स्क्रीनवर पट उघडून पडलेला आणि बाबा आत शेंगा सोलत बसलेले.

"बाबा, कम्प्युटर केव्हाचा सुरू झालाय."

त्यांनी मानही वर केली नाही.

"असू दे. इतके दिवस मी त्याची वाट पाह्यली. आता त्याले पाहू दे माही."