पुस्तकातली शेवईवाली बाई

अगं, हात नको काढूस, कातडी ताणून धर—आणि बोलू नकोस यशोधरा, बोललीस की भुवई वाकडी होते, मग मलाच नावं ठेवशील. हां, तर काय सांगत होते? तुझं पुस्तक. काय लिहिलंयस गं, काय लिहिलंयस! ब्लॉगवर टाकायचीस तेव्हा मोबाईलवर वाचायचे मी, पण तिथे चित्रं एवढुशी, चष्मा लावला तरी तुझे बाबा कुठले आणि कुकर कुठला, कळायचं नाही. पुस्तकात कसं, ऐसपैस. बाबा मोरिवलीच्या कंपनीतून रिटायर झाले तरी सकाळचा भोंगा वाजला की झोपेतच बूट घालतात—आणि बूट घालून परत पांघरूण घेतात—त्या चित्रावर मी इतकी हसले, इतकी हसले, की सोनियाच्या तोंडाला ब्लीच लावलंय हेच विसरले. टोमॅटो होऊन गेली बिचारी बहिणीच्या हळदीला.

आणि तो सोफा! उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेला, दारातून आत जाईना, म्हणून लिफ्टसमोरच ठेवलात—मग काय, अख्खी बिल्डिंग त्याच्यावर बसायला लागली. सेक्रेटरी नरेंद्रभाऊंनी तर मीटिंगच तिथे घेतली आणि पाण्याच्या टँकरवर बोलता बोलता झोपले. खरंय सगळं, मी होते ना तिथे, त्यांच्या शेजारीच बसले होते. पुस्तकात बघते तर नरेंद्रभाऊ आहेत, त्यांचं घोरणं आहे, सोफ्याखाली कुत्रा आहे—आणि माझ्या जागी उशी! उशी, यशोधरा!

राग नाहीये मला. अजिबात नाही. मी कशाला रागावू? कॉलेजात होतीस तेव्हापासून तुझ्या भुवया मीच करते, साखरपुड्याला तयार मीच केलं, साखरपुडा मोडला तेव्हाही याच खुर्चीत बसून रडलीस आणि मी रडता रडता—म्हणजे तू रडता रडता, मी पण थोडी—तुझं फेशियल केलं. आणि पुस्तकात रंजनाताई? नाही. पानोपान शोधलं. आमचे मिस्टर म्हणाले, आता शेवटचं कोरं पान पण उजेडात धरून बघणार आहेस का? बघून झालं होतं माझं. खरं सांगू, फार वाईट वाटलं. जेवले नाही मी त्या दिवशी. म्हणजे जेवले, पण उशिरा.

काय? काय म्हणतेस? नको, तोंड मिट. सांगशील नंतर. एक झाली, आता दुसरी. धर इकडची.

बरं, सगळ्यात भारी चित्र कुठलं सांगू? ते तोंडवालं. हे बघ, आरशाखाली तेच पान उघडून ठेवलंय, येईल त्या कस्टमरला दाखवते. नुसतं एक मोठ्ठं तोंड आणि त्याला खाली दोन पाय! समोर खुर्चीत तू, डोळे मिटून—आणि त्या तोंडातून शेवई लोंबतेय तरी बडबड चालूच. मी बघताक्षणी ओळखलं. बनूबाई! तिसऱ्या मजल्यावरच्या. घास तोंडात ठेवून बोलायची सवय त्यांनाच. मी लगेच पेढे घेऊन गेले, म्हटलं बनूबाई, पुस्तकात आलात. आधी फुगल्या, पण मीच समजूत घातली, म्हटलं अहो भाग्य लागतं, आम्हाला कोण काढतंय? आता बघ, आज बदलापूर गावात त्यांच्या भावाच्या नातवाचं बारसं आहे, तिथे पुस्तक घेऊन गेल्यात मिरवायला.

हसतेस काय? हलू नकोस गं. मला दोरा दातात धरून बोलायची सवय आहे, पण तू अशी हललीस तर—

थांब.

थांब जरा. हे आरशात... आणि हे पानावर... दोरा.

ती शेवई नाहीये?

अगं, म्हणजे ती मी! मी आहे पुस्तकात! एवढं मोठं तोंड आहे माझं? नाही, असू दे, असू दे, मोठंच बरं, लांबून दिसतं. आणि अख्खं पान? नरेंद्रभाऊंना अर्धंच दिलंयस ना? बघ! आणि मघापासून तू हेच सांगत होतीस? मग बोलायचं ना, बाई! तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

ऊठ. ऊठ, ऊठ, पार्लर बंद करायचंय. दुसरी भुवई राहू दे, केस पुढे घे त्या बाजूला, काही दिसत नाही. चपला घाल, मला रिक्षा थांबवून दे बदलापूर गावची. बारशाचं बोलावणं कशाला लागतंय मला? तिकडे ती बाई माझं तोंड घेऊन फिरतेय!